एक्स-रे लेसर म्हणजे नुसती लांबलचक मशीन नाही

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला एक्स-रे लेसरवरचा लेख वाचला, छान होता, पण सगळा भर मशीन केवढी आणि खर्च केवढा यावरच. हॅम्बर्गजवळची मशीन ३.४ किमी लांब आहे हे खरंय, पण नुसत्या लांबीवर लेसर लागत (म्हणजे सुरू होत) नाही हो, खरी डोकेदुखी असते ती इलेक्ट्रॉनचा बीम शिस्तीत ठेवायची आणि त्यावर लेखात एक ओळ नाही.

या लेसरला फ्री इलेक्ट्रॉन लेसर म्हणतात, यात इलेक्ट्रॉनच्या बीममधूनच एक्स-रे काढतात. त्यासाठी इलेक्ट्रॉनचा पुंजका जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळवतात आणि मधे चुंबकांनी वळणं देऊन दाबून आखूड करतात, कारण लेसर लागायला करंट जास्त लागतो. घोळ तिथेच होतो. पुंजक्यात इलेक्ट्रॉन कुठे जरा दाट कुठे विरळ असतातच, दाट जागचे एकमेकांना ढकलतात त्यामुळे पुढच्यांची एनर्जी वाढते मागच्यांची घटते, मग वळणावर जास्त एनर्जीवाला आतून कमीवाला बाहेरून जातो आणि बारीकशी दाटी एकदम मोठी होऊन बसते. द्वारका चौकात एका रिक्षाने ब्रेक मारला की मागे काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको! याला म्हणतात मायक्रोबंचिंग इन्स्टॅबिलिटी. गंमत म्हणजे पुढे अंड्युलेटरमध्ये (चुंबकांची रांग, जिथे बीम नागमोडी जाऊन प्रकाश सोडतो) असेच बारीक गठ्ठे पाहिजे असतात, तेव्हाच लेसर लागतो, पण ते एक्स-रेच्या वेव्हलेंग्थचे, हे आधीच झालेले भलतेच गठ्ठे काही कामाचे नाहीत, उलट बीमची वाट लावतात.

यावरचा उपाय मला जाम आवडतो. गनमधून (जिथून इलेक्ट्रॉन सुटतात) बीम फारच चांगला निघतो, सगळ्यांची एनर्जी जवळजवळ सारखी, म्हणून तो मुद्दाम थोडा बिघडवायचा! अमेरिकेत स्लॅक या प्रयोगशाळेत २००९ मध्ये एक्स-रे लेसर लागला, तिथे बीम दाबायच्या आधी, १३५ एमईव्हीला (हे एनर्जीचं माप, १ एमईव्ही म्हणजे १००० केईव्ही), छोट्या अंड्युलेटरमध्ये त्याच्यावर इन्फ्रारेड लेसर सोडतात. एनर्जीतला फरक काही केईव्हीवरून साधारण २० केईव्हीवर जातो, म्हणजे दहा हजारात दीड भाग फक्त, पण तेवढ्यात गठ्ठे वळणावर पुसले जातात. प्रमाण जास्त झालं तर मात्र लेसरच मंदावतो, त्यामुळे हे अंदाजपंचे चालत नाही.

आणि हो, फ्री इलेक्ट्रॉन लेसर म्हटलं की परदेशच कशाला? आग्रा रोडने धुळ्यावरून सरळ गेलं की इंदूर, तिथे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इन्फ्रारेडवाला आहे. एक्स-रेइतकं कडक गणित नसतं त्याचं, पण बीम तिथेही सांभाळावाच लागतो. पुढच्या वेळी एखादा वार्ताहर तिकडे पाठवा, बीम सांभाळणाऱ्या लोकांशी बोलायला लावा आणि खर्चाचा आकडा एका ओळीत उरका.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक