भाग बदलण्याआधी निदान करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की गोव्यातील गॅरेजांत एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी उभी असताना, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन थरथरते. गाडी धावू लागली की थरथर नाहीशी होते, त्यामुळे मालक दुर्लक्ष करतो, आणि अखेर गाडी गॅरेजमध्ये नेली की तिथे अंदाजाने एकेक भाग बदलला जातो. गेल्या पावसाळ्यात मी स्वतः या अनुभवातून गेलो. इतरांचे पैसे आणि मनस्ताप वाचावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी पेट्रोल गाडी चार सिलिंडरची, अकरा वर्षे जुनी आहे. रोज फोंड्याहून पणजीला जाताना बाणस्तारीपर्यंत काहीच जाणवत नसे. मात्र पणजीत सिग्नलवर थांबलो की स्टिअरिंग हातात कापू लागे, आरशातली मागची गाडी धूसर दिसे आणि आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा ८०० वरून ६०० पर्यंत घसरून पुन्हा वर चढे. एका सर्व्हिस सेंटरने आधी चारही स्पार्क प्लग बदलले, फरक न पडल्यावर इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारी थ्रॉटल बॉडी साफ केली आणि तिसऱ्या खेपेला इंजिनाचे माउंटिंग (इंजिन ज्यावर बसते तो रबरी आधार) बदलले. तीन खेपांत साडेअकरा हजार रुपये गेले. तिन्ही जॉब कार्डांवर काय बदलले ते लिहिले होते. ते का बदलले, हे एकावरही नव्हते.

शेवटी फोंड्यातल्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी पाना हातात घेण्याआधी सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. धूर एकसारखा न येता मध्येच एक ठोका चुकत होता, आणि तो ठरावीक अंतराने चुकत होता. काटा खाली-वर होत होता आणि ठोकाही चुकत होता, म्हणजे दोष माउंटिंगचा नव्हता. माउंटिंग झिजले तर काटा स्थिर राहतो आणि फक्त हादरा आत जाणवतो. मग त्यांनी गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडला. पी ०३०३ हा कोड आला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकत होते. पुष्कळ ठिकाणी तपास इथेच थांबतो. परंतु तिथे ठिणगी पडत नाही, पेट्रोल पोचत नाही की पुरेसा दाबच तयार होत नाही, हे कोड सांगत नाही.

त्यांनी इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा (सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा) कनेक्टर काढून पाहिला. पहिला, दुसरा आणि चौथा काढल्यावर इंजिन लगेच मंदावले. तिसरा काढल्यावर मात्र काहीच बदलले नाही, कारण ते सिलिंडर आधीच काम करत नव्हते. प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल न काढता इंजेक्टरचा कनेक्टर का काढला, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की ठिणगी बंद करून पेट्रोल चालू ठेवले तर न जळालेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि खराब होतो. (चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागल्यावर गाडी तशीच दामटू नये, तेही याच कारणाने.) नंतर इंजिन बंद करून त्यांनी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवली. पुन्हा स्कॅनर लावला, तर कोड पी ०३०१ झाला होता. दोष कॉइलबरोबर सरकला होता.

ती कॉइल त्यांनी माझ्या हातात दिली. आतल्या स्प्रिंगवर गंज चढला होता आणि रबरी नळीवर केसाएवढी बारीक काळी रेघ होती. ठिणगी प्लगमध्ये न पडता त्या रेघेवरून बाहेर पळत होती. प्लगच्या खड्ड्यात अर्धा चमचा पाणी होते. ते कुठून आले, याचा शोध घेता वायपरखालच्या जाळीत फणसाची कुजलेली पाने निघाली. गाडी रात्री घरच्या फणसाखाली उभी असते. पानांनी पाण्याची वाट अडली आणि पाणी इंजिनावर ठिबकू लागले. जाळी साफ न करता नुसती कॉइल बदलली असती, तर नवीही तशीच गेली असती.

“प्लग बदलताना सर्व्हिस सेंटरवाल्यांनी हीच कॉइल हाताने उपसली असेल, मग गंज दिसला कसा नाही?” हा मेकॅनिकचा प्रश्न मला अजून अस्वस्थ करतो.

अशी थरथर प्रत्येक वेळी कॉइलमुळेच होते असे नाही. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून जादा हवा शिरणे, थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकणे, कचरा बसलेला इंजेक्टर, अशी कारणे अनेक आहेत, आणि तीन सिलिंडरची इंजिने धडधाकट असतानाही थोडी हलतातच. कारणे इतकी आहेत म्हणूनच आधी तपासणी हवी.

यात आपण ग्राहकही दोषी आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. सुट्या भागाचे पैसे आपण निमूट देतो, पण अर्धा तास डोके लावून दोष शोधणाऱ्याला त्याबद्दल काही द्यायला कुरकुरतो. मग गॅरेजची कमाई भाग बदलण्यावरच अवलंबून राहते. माझ्या मेकॅनिकने नव्या कॉइलची किंमत आणि मजुरी एवढेच बिल केले. तपासणीचे ५०० रुपये वेगळे घ्या, असे मला दोनदा सांगावे लागले, कारण तसे मागण्याची त्यांना सवयच नव्हती.

गॅरेजमालकांना विनंती आहे की जॉब कार्डावर ‘कोणती चाचणी केली, काय आढळले’ असा रकाना ठेवावा, तपासणीचे शुल्क उघडपणे लावावे आणि काढलेला भाग ग्राहकाला दाखवावा. फर्मागुडीसारख्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनीही विद्यार्थ्यांकडून अशी नोंद पहिल्या दिवसापासून लिहून घ्यावी.

आपला,
एक वाहनधारक, बांदोडा, फोंडा