पडद्यावर पाऊस पडला, हसू मात्र आले नाही

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या शुक्रवारी प्रदर्शित झालेला आणि नाशिकमध्ये घडणारी खुसखुशीत प्रेमकहाणी अशी जाहिरात झालेला एक मराठी चित्रपट आम्ही घरची पाच माणसे रविवारी कॉलेज रोड परिसरातील एका चित्रपटगृहात पाहून आलो. आपल्या पुरवणीतील परीक्षणात त्याच्या विनोदाची भरभरून स्तुती होती. ती वाचूनच आईला आणि निफाड तालुक्यातून आलेल्या ताई-दाजींना मी आग्रहाने नेले, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहीत आहे. चित्रपटाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्यातील नवोदित कलाकारांनी मन लावून काम केले आहे आणि चूक त्यांची नाही. चूक लिखाणाची आहे.

पुण्याचा एक तरुण मित्राच्या लग्नासाठी नाशिकला येतो आणि द्राक्ष बागायतदाराच्या मुलीच्या प्रेमात पडतो. दुसऱ्या गाण्यापर्यंत तीही प्रेमात पडलेली असते, वडील हसतमुखाने होकार देतात, आणि मग उरलेला दीड तास फोनवर झालेल्या एका गैरसमजावर रेटला जातो. समोरासमोर बसून एक वाक्य बोलले असते तर तो मिटला असता, हे प्रेक्षागृहातल्या लहान मुलांनाही कळत होते. गोष्टीत अडचणच नसल्यामुळे विनोद बाहेरून आणून चिकटवावा लागला आहे : नायकाचा जाडजूड मित्र तीन वेळा चिखलात पडतो आणि प्रत्येक वेळी तोच ढोल वाजतो.

मध्यंतराच्या थोडे आधी एक पावसाचे गाणे आहे. बागेत घड पिकून लोंबत आहेत, वरून धो धो पाऊस कोसळतो आहे आणि नायक-नायिका वेलींच्या ओळींमधून हात पसरून धावत आहेत. दाजी माझ्या शेजारी बसले होते. त्यांची स्वतःची तीन एकर द्राक्षबाग आहे. पडद्यावर पाऊस सुरू झाला तसे ते खुर्चीच्या कडेला सरकून बसले आणि गाणे संपेपर्यंत मागे टेकले नाहीत. मग हलक्या आवाजात म्हणाले, “मणी तडकला तर व्यापारी बागेत पाय ठेवत नाही, अन् ही पोरं नाचतायत.” ऑक्टोबरच्या छाटणीनंतर साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत आमच्याकडे द्राक्षांची काढणी चालते, आणि त्या दिवसांत आलेला अवकाळी पाऊस म्हणजे काय, हे निफाड-दिंडोरीच्या कोणत्याही घरात विचारावे. मणी तडकतात, घडात पाणी साचून कूज सुरू होते, ठरलेला सौदा मोडतो, आणि रात्रभर बॅटऱ्या घेऊन घरची सगळी माणसे बागेत असतात. मुलीचा बाप बागायतदार दाखवायचा, भर हंगामात पाऊस पाडायचा आणि तो बाप मात्र ओट्यावर बसून गाण्याला ठेका देताना दाखवायचा, हे मला अक्षम्य वाटते. जी अडचण या गोष्टीला हवी होती, ती लेखकाच्या हातात आयती आलेली होती.

प्रेमाच्या गोष्टीत हसू येते ते प्रेमिकांना काहीतरी अवघड करावे लागते तेव्हा, ही आपल्याकडची जुनी जाण आहे. राजा परांजपे यांच्या १९५२ सालच्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये मुलीचे वडील एक लाख रुपये हातात देऊन ते महिन्याभरात खर्च करून दाखवण्याची अट घालतात, आणि मग जे जे हसू येते ते त्या अटीतूनच येते. नाशिकला तर हे दूरचे उदाहरण देण्याचीही गरज नाही. येथील हंप्राठा महाविद्यालयात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांनी ‘प्रेमा तुझा रंग कसा?’ याच शहरात राहून लिहिले, आणि ‘राजा हरिश्चंद्र’नंतर दादासाहेब फाळके १९१३ मध्ये नाशिकला येऊन चित्रपट काढू लागले. अशा गावाचे नाव जाहिरातीत वापरायचे तर गावाकडे नीट पाहायला हवे होते. गोदाघाट आणि गंगापूर धरण वरून ड्रोनने टिपले आहे, पण खाली उतरून कोणी पाहिलेले दिसत नाही.

सर्वांत जास्त वाईट वाटले ते अहिराणीचे. बागेतला गडी अहिराणी बोलतो. त्याने “बरं शे का भाऊ?” एवढे विचारले की मागे भोंगा वाजतो आणि पडद्यावरची सगळी माणसे हसतात. ख्यालीखुशाली विचारण्यात विनोद कोणता? बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव या आपल्याच जिल्ह्यातल्या तालुक्यांत ही भाषा घराघरांत बोलली जाते. माझ्या आईचे माहेर सटाण्याचे आहे आणि मामा आले की ती आजही अहिराणीतच बोलते. तिसऱ्यांदा भोंगा वाजला तेव्हा तिने पॉपकॉर्नचा पुडा खाली ठेवला आणि पुन्हा हातात घेतला नाही.

मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना प्राइम टाइमचा खेळ द्यावा, या राज्य सरकारच्या २०१५ मधील निर्णयाच्या बाजूने मी आपल्याच सदरात पत्र लिहिले होते आणि आजही माझे मत तेच आहे. म्हणूनच आपल्या परीक्षकांना विनंती आहे की मराठी आहे म्हणून सांभाळून घेऊ नये. विनोदी म्हणवणारा चित्रपट हसवतो की नाही, आणि हसवतो तर कोणाला हसून, एवढे स्पष्ट लिहावे.

खेळ संपल्यावर गाडी काढेपर्यंत कोणी काही बोलले नाही. मग दाजींनीच त्यांच्या पाहण्याच्या कार्यक्रमाची आठवण काढली. फेब्रुवारी महिना होता, ते आमच्या घरी ताईला पाहायला आले होते, आणि पोह्यांची बशी हातात आली तोच ढग गडगडले. बशी तशीच खाली ठेवून ते “बाग उघडी आहे” एवढेच म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारून निघाले. आजोबांनी समजूत करून घेतली की मुलगी पसंत पडली नाही. आठ दिवस घरात सुतक होते. नवव्या दिवशी दाजी दोन पेट्या द्राक्षे घेऊन दारात उभे राहिले आणि आजोबांना म्हणाले, “माल वाचला. आता पोहे द्या.” हे ऐकताना ताई मागच्या सीटवर तोंडाला पदर लावून हसत होती आणि आईच्या डोळ्यांतून पाणी येत होते.

आपली नम्र,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक