दुभाजकावरची कण्हेर आमच्या शेळ्यांच्या पोटात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला विषारी वनस्पतींवरचा लेख वाचला. घाणेरी, बेशरम, धोतरा, गाजरगवत, सगळ्यांची हजेरी घेतली आहे. पण ‘कण्हेर कडू असल्याने जनावरे तिला तोंड लावत नाहीत’ हे वाक्य लेखकमहाशयांनी कुठे बसून लिहिले? उभ्या झाडाला लावत नाहीत, मान्य. म्हणून तर हायवेच्या दुभाजकावर तीच लावतात. छाटलेल्या फांद्यांचे काय?

आमच्याकडे त्या सरळ रस्त्याकडेच्या चारीत पडतात. गेल्या उन्हाळ्यात बांधावर हिरवी काडी नव्हती. ठेकेदाराच्या माणसांनी ढीग चारीत लोटला, पाला कोमेजला आणि शेळ्यांनी तो शेवरीचा चारा समजून ओरबाडला. कण्हेर वाळली तरी तिचे विष जात नाही. ते हृदयावर जाते, थोडी पानेही पुरतात. संध्याकाळी गाभण शेळी हगवणीने गळाली, थरथरत बसली ती उठलीच नाही. पहाटेपर्यंत आणखी दोघी गेल्या. डॉक्टरांनी पोट फाडून दाखवले, आत तीच लांब, टोकदार पाने. ठेकेदार म्हणतो, “शेळ्या रस्त्याला सोडता कशाला?” खरे आहे साहेब, दुभाजक सुशोभित झाला, आम्ही आणखी काय मागावे!

छाटणी केली त्याच दिवशी फांद्या उचलायच्या, एवढी एक अट ठेक्यात घालायला काय खर्च येतो? लेखात याबद्दल अवाक्षर नाही, शेतकऱ्याने ‘जागरूक राहावे’ असा सल्ला मात्र आहे. वर फोटो छापलाय पिवळ्या बिट्टीचा. तीही विषारीच म्हणा, पण दुभाजकावरच्या गुलाबी फुलांची कण्हेर वाचकाने त्यावरून ओळखायची कशी?

आणि मोगली एरंड (जट्रोफा) लेखातून कसा काय सुटला? 2003 च्या आसपास त्याच्या बियांच्या तेलापासून बायोडिझेल करायचे वारे आले, तेव्हा तो जिकडे तिकडे लावला गेला. आमच्या गावातल्या शाळेच्या कुंपणाला अजून आहे. बी चवीला शेंगदाण्यासारखे लागते, पोरे फोडून खातात आणि उलट्या करत दवाखान्यात जातात. कुंपण काढा म्हणून सांगायला गेलो, तर गुरुजी म्हणाले, “अहो, ढोरं खात नाहीत म्हणून तर लावलंय.”

आपला,
एक शेळीपालक, जि. सोलापूर