अकरावी पायरी: आमच्या विहिरीवर आलेल्या भूजलतज्ज्ञ मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

आपले नाव कुठे येऊ नये, अशी आपली इच्छा होती, म्हणून ते न घेता, जवळच्या पंपाचे पेट्रोल आमच्या विहिरीत उतरते आहे हे शोधून दिल्याबद्दल हे पत्र लिहीत आहे.

आपण आमच्या विहिरीवर आलात तेव्हा वैशाख निम्मा सरला होता आणि विहिरीत जेमतेम परसभर पाणी उरले होते. आपल्याआधी तीन वर्षांत तीन निरनिराळे साहेब येऊन गेले होते. पहिल्यांनी काठावरूनच डोकावून, तुमच्याच डिझेल इंजिनाचे तेल झिरपत असेल, असे सांगितले. ते इंजिन विकून तेव्हा नऊ वर्षे झाली होती. दुसऱ्यांनी प्लास्टिकच्या बाटलीत अर्धवट पाणी भरून ती गाडीत उन्हात ठेवली आणि महिन्याभराने पाणी निर्दोष असल्याचा कागद पाठवला. तिसऱ्यांनी पाणी उकळून पिण्याचा सल्ला दिला. पेट्रोलमधले बेंझिन हे विषारी द्रव्य उकळत्या पाण्यातून उडून चुलीपाशी बसलेल्या बाईच्या नाकात जाते, हे आपण सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हते, आणि त्या साहेबांनाही ते ठाऊक नसावे, असे मानून मी माझा राग आवरतो.

आपण यंत्रांची पेटी उघडत होतात, तेवढ्यात आई नेहमीचेच वाक्य बोलली: "उन्हाळ्यात पाण्यावर साय धरते, पाऊस पडला की जाते." हे वाक्य तिने तिन्ही साहेबांना ऐकवले होते आणि तिघांनीही ते एका म्हातारीची बडबड म्हणून सोडून दिले होते. आपण मात्र पेटी मिटलीत, थारोळ्याच्या दगडावर तिच्याशेजारी बसलात आणि साय नेमकी कधी दिसू लागते, असे विचारलेत. आईला इंग्रजी महिने नीट सांगता येत नाहीत. ती रोहिणी, मृग, आर्द्रा अशी नक्षत्रे सांगत गेली आणि आपण ती तशीच वहीत उतरवलीत. मग, त्या वेळी विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या असतात, असा प्रश्न आपण केलात. आई क्षणभरही न थांबता म्हणाली, "अकरावी उघडी पडली की." त्या नोंदीच्या डोक्यावर आपण तिचे पूर्ण नाव लिहिलेत आणि ते बरोबर लिहिले आहे ना, म्हणून वही तिच्यापुढे धरलीत. आईला वाचता येते, हेसुद्धा त्याआधी कोणी विचारले नव्हते.

पुढे आपण समजावून सांगितलेत, त्याने आमचे डोळे उघडले. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने भूजलावर तरंगते. पावसाळ्यात पाण्याची पातळी चढली की ते मुरमाच्या आणि खडकाच्या फटींत अडकून पाण्याखाली दडते आणि पातळी उतरली की निथळून पुन्हा वर जमते. आमच्याकडचे एकमेव नमुने भाद्रपदात, विहीर तुडुंब असताना घेतले गेले होते. आईचे वाक्य पहिल्याच वर्षी कोणी कानावर घेतले असते, तर दोन उन्हाळे तरी वाचले असते.

बाकीचे काम शांतपणे झाले. पेट्रोल पंपाशेजारच्या आणि आमच्या मिळून तीन विहिरींच्या पातळ्या आपण एकाच दिवशी मोजल्यात आणि भूजलाचा उतार पंपाकडून आमच्याकडे असल्याचे कागदावर काढून दाखवलेत. काचेच्या लहानशा कुपीत काठोकाठ पाणी भरून, आत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना, हे ती उलटी धरून पाहिलेत आणि बर्फात ठेवलीत. पिण्याच्या पाण्यातील बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. आमच्या विहिरीचा आकडा तिच्या कितीतरी पुढे निघाला. डिझेलच्या आरोपाचाही निकाल त्याच अहवालाने लावला, कारण त्यात सापडलेले हलके घटक पेट्रोलचे होते. टाकीचा रोजचा हिशेब जुळतो, हे पंपमालकांचे म्हणणे खोटे नव्हते. गळती जमिनीखालच्या नळाच्या सांध्यात होती आणि थेंबाथेंबाने होणारी तूट रोजच्या मापातल्या फरकात खपून जात होती. हेही आपणच सांगितलेत, आणि त्यांची बाजूही आमच्यासमोर नीट मांडलीत, याचे मला त्या वेळी थोडे वाईट वाटले होते. आता वाटत नाही.

सांधा बदलला आहे, विहिरीवरचे पेट्रोल काढण्याचे काम चालू आहे आणि पिण्याचे पाणी अजून टँकरचेच येते. आईने मात्र एक वही घातली आहे. दर अमावास्येला ती काठीच्या आधाराने विहिरीवर जाते, उघड्या पायऱ्या मोजते आणि नक्षत्रासह लिहून ठेवते. यंदा अकरावी पायरी रोहिणी लागण्याच्या आठ दिवस आधी उघडी पडली. साय दिसली, पण विहिरीच्या एकाच कोपऱ्यात. वही आपल्याला दाखवायची आहे, असा तिचा निरोप आहे.

आपला कृतज्ञ,
त्या विहिरीचा मालक