निधनवार्तेत न मावलेली होडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या अंकात आमच्या वडिलांची, अण्णांची, निधनवार्ता आली. ‘ओझरच्या विमान कारखान्यातील निवृत्त अभियंता, वय 78. पश्चात पत्नी, दोन मुली, जावई, नातवंडे असा परिवार.’ चूक एकही नाही, मजकूर मीच लिहून दिला होता. पण दहाव्याला रामकुंडावर त्यांचे एक जुने सहकारी मला म्हणाले, “अगं, होडीचं काही लिहिलंच नाहीस!” ते मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

अण्णा सिन्नरकडचे. विहिरीपलीकडे पाणी पाहिलेलं नाही. इंजिनिअरिंगला माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये गेले आणि एनसीसीच्या नौदल शाखेत नाव घातलं, ते “नाश्ता बरा मिळतो” म्हणून. तिथे शिडाची दोरी पहिल्यांदा हातात आली. पुढे ओझरला लागले. मिग लढाऊ विमानांची इंजिनं कोरापुटला व्हायची, सांगाडा ओझरला. त्यातल्या पंखांच्या जिग-फिक्स्चरवर, म्हणजे जुळणीच्या साच्यांवर, त्यांची उमेदीची वर्षं गेली. “पंख आडवा, शीड उभं. बाकी गणित तेच,” असं ते कोणालाही, अगदी दूधवाल्यालाही सांगत.

होडी घरीच बांधली, बंगल्याच्या पार्किंगमध्ये. जॅक होल्ट या इंग्रज माणसाने 1956 साली आखलेली ‘एंटरप्राइज’ जातीची, दोघांची होडी. लांबी 4.04 मीटर, मरीन प्लायवूडची. दोन वर्षं आमची स्कूटर पावसात भिजली. शीड आईने शिवलं, घरच्या शिवणयंत्रावर, निळ्या टेरिलीनचं. या होड्यांचं शीड निळंच असतं. त्यासाठी हॉलमधला सोफा भिंतीला लावून जमिनीवर खडूने आकृती काढली होती आणि चार दिवस आम्ही भिंतीच्या कडेकडेने चालत होतो. आई पाण्याला घाबरते. त्या होडीत ती एकदाही बसली नाही.

परवानगीची कथा लांबण लावणारी आहे. एका कार्यालयात अर्ज अकरा महिने फिरला. शेवटी साहेबांनी विचारलं, “मोटर कुठली बसवणार?” मोटर नाहीच, हे त्यांना पटवण्यात आणखी दोन महिने गेले. मग गंगापूर धरणाच्या पाण्यावर सुट्टीच्या दिवशी आम्ही. एप्रिल-मेच्या दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की अण्णांचं जेवणात लक्ष नसायचं.

वारा समोरून येत असताना होडी पुढे कशी जाते, हे मी सातवीत विचारलं होतं. त्यांनी ताटातली कलिंगडाची बी उचलली, चिमटीत दाबली, ती उडून आजीच्या लुगड्यावर. “एका बाजूने शीड दाबतं, दुसऱ्या बाजूने पाण्यातली मधली फळी. होडी म्हणजे बी.” थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही, पंचेचाळीस अंशांवर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, नांदुरीचा घाट चढावा तसं वळणं घेत जायचं. मी आज गणित शिकवते. एवढं सोपं मला अजून काही सांगता आलेलं नाही.

एकदा आम्ही उलटलो. माझी बहीण रडायला लागली. अण्णा पाण्यात डोकं वर काढून आधी म्हणाले, “चष्मा गेला,” मग “दोघी आहात ना?” हा क्रम आईने त्यांना आयुष्यभर ऐकवला.

त्यांची तक्रार एकच: नाशिककराला पाणी दिसतं ते गोदावरीला पूर येऊन काठच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागल्यावर. एरवी धरण म्हणजे पेपरातली टक्केवारी. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकला वल्हवायला उतरला, तेव्हा अण्णांनी कात्रण वहीत चिकटवलं. बाजूला लिहिलं, ‘आमच्यासारखाच कोरड्या गावचा.’ मे 2010 मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे एकट्याने ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. शेजाऱ्यांना वाटलं माझं लग्न ठरलं.

याच वहीत प्रत्येक फेरीची नोंद आहे: तारीख, वाऱ्याची दिशा, सोबत कोण. शेवटची फेरी नातीबरोबरची. पुढे तीन शब्द: ‘सुकाणू तिच्याकडे होतं.’

होडी अजून पार्किंगमध्ये पालथी आहे, दोन टायरांवर. तळाचं प्लायवूड एका कोपऱ्यात फुगलंय, बाकी ठणठणीत. कोणा तरुण मुलामुलींना ती खरोखर पाण्यात घालायची असेल तर आम्ही मोफत देऊ. शोभेसाठी हॉटेलवाल्यांनी मागू नये. शीड मात्र मिळणार नाही, ते आईच्या कपाटात आहे. ती म्हणते, “माप आहे माझ्याकडे. कापड आणा, नवं शिवून देते.”

आपली,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक
(नाव छापू नये, पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.)