सेन्सर खरं बोलत होता

महोदय,

उन्हाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यावी, हा मजकूर आपल्या दैनिकात वाचला. त्यात डॅशबोर्डवर लागणाऱ्या इंजिनाच्या पिवळ्या दिव्याचा उल्लेख नव्हता. त्या दिव्यापायी माझे चार हजार दोनशे रुपये गेले, म्हणून हे पत्र.

मी आर्णी तालुक्यातला कास्तकार. सेकंडहॅंड पेट्रोल गाडी आहे, २०१५ची. आईला दर महिन्याला यवतमाळला दवाखान्यात न्यावं लागते, तेवढ्यासाठीच घेतली. मार्चमध्ये अॅव्हरेज अठरावरून तेरावर आला, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास यायला लागला आणि दिवा लागला. शहरातल्या गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला अन् दोन मिनिटांत निकाल दिला, "भाऊ, ऑक्सिजन सेन्सर गेला तुमचा, बदलाच लागते." बदलला. पंधरा दिवसांत दिवा पुन्हा हजर.

आमच्या गावात एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांच्या पुतण्याकडं मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर होता. कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा नंबर, निघाला पी ०१७२. काका म्हणाले, "हा कोड सेन्सर खराब आहे असं म्हनतच नाही. पेट्रोल जास्त जळून राह्यलं, एवढंच सांगते." हा सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. गरम झाल्यावर त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९च्या मधे सारखं वरखाली व्हायला पाहिजे. माझं ०.९च्या जवळ चिकटून बसलं होतं, म्हणजे धुरात ऑक्सिजन कमी, पेट्रोल जास्त. सेन्सर बिचारा खरं बोलत होता.

मग काकांनी इंजिनातल्या पाण्याचं तापमान पाहिलं. गाडी नुकतीच आर्णीहून आलेली, बॉनेटला हात लावला तर चटका बसेल, आणि स्क्रीनवर २२ अंश! इतका गारवा आमच्याकडं मे महिन्यात पहाटेलाही नसते. तापमानाच्या सेन्सरचा प्लग उपसला तर आत हिरवा गंज. कॉम्प्युटरला वाटायचं इंजिन थंड आहे, म्हणून तो पेट्रोल वाढवत राहायचा. यवतमाळच्या दत्त चौकातल्या गर्दीत गाडी दोनदा उकळायला आली होती, रेडिएटरचा पंखा का लागत नव्हता तेही तेव्हाच उमगलं. प्लग घासून बसवला, आकडा सरळ नव्वदवर गेला.

इंजिन कोमट झाल्यावर बावीसच्या पान्यानं नवा ऑक्सिजन सेन्सर खोलला. पंधरा दिवसांतच त्याचं टोक चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखं काळं, मखमली काजळीनं माखलेलं. मी तारेचा ब्रश घ्यायला उठलो तर काकांनी हातच धरला. आतलं सिरॅमिक नाजूक असते, घासलं की संपलं. पेट्रोलात बुडवायचंही नाही. काजळी असली तर आधी कारण काढायचं आणि गाडी हायवेवर दमानं पळवायची, ती आपोआप जळून जाते. टोकावर पांढरी भुकटी दिसली तर मात्र बहुतेक वेळा गॅस्केटला लावायच्या सिलिकॉन गमची करामत समजायची, तो सेन्सर बदलण्यावाचून इलाज नाही. तपकिरी थर दिसला तर इंजिन ऑइल जाळत असेल. परत बसवताना आट्यांनाच, ते उष्णतेनं चिकटू नयेत म्हणून, अँटी-सीझ लावलं, साधं ग्रीस नाही; टोकाला बोटसुद्धा लागू दिलं नाही.

नागपूर-तुळजापूर रस्त्यानं महागावपर्यंत जाऊन आलो. व्होल्टेज पुन्हा नाचायला लागलं, कोड पुसला, दिवा गेला तो गेलाच. अॅव्हरेज सतरावर आहे.

गॅरेजवाल्यांना एवढीच विनंती आहे की निघालेला कोड बिलावर लिहून द्या आणि काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात ठेवा. माझा जुना सेन्सर मागायला मी गेलो होतो. "भंगारात गेला" म्हणाले. माझ्या मते तो चांगलाच होता.

आपला,
एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ