मामा, त्या दिवशी रिपोर्टमध्ये माझं रीडिंग लिहिलंत म्हणून

मामा, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात मलाही दोन शब्द बोल म्हणून पुढं ढकललं होतं, पण घसाच दाटून आला आणि "मामांमुळं मी आज सेटर आहे" एवढं एकच वाक्य (सेटर म्हणजे मशीनवर नवीन काम लावून माप जुळवणारा) बोलून खाली बसलो. तेवढ्यानं माझं मन भरलेलं नाही म्हणून हे लिहितोय. तुम्ही मोबाइलवर फार वाचत नाही माहितीय, ताई वाचून दाखवतील. आणि जी पोरं आत्ता आयटीआय करून भोसरी-चाकणला कामाला लागतायत त्यांनी पण वाचावं, त्यांच्यासाठीसुद्धा यात बरंच आहे.

तुमच्याकडं येण्याआधी मी दुसऱ्या एका शॉपमध्ये होतो, पण तिथं काय चालायचं ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. टर्नर ट्रेडची दोन वर्षं करून गावाकडून आलो, कॉट बेसिसवर राहायला, मेसचा डबा, आणि डोक्यात एकच की सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, शिकायचं. तिथं काम काय मिळालं तर जॉब म्हणजे कापायचा तुकडा लावायचा, दार ओढायचं, हिरवं बटण दाबायचं, जॉब काढायचा, शिफ्ट संपताना चिप म्हणजे धातूचा कीस ओढायचा, संपलं. मशीन असं का करतंय विचारलं की "तुला काय करायचंय, तू प्रॉडक्शन काढ". तिथला सेटर ऑफसेट, म्हणजे माप दुरुस्त करायचा आकडा, टाकायला आला की मुद्दाम स्क्रीन झाकून उभा राहायचा, म्हणजे मला आकडा दिसू नये, आणि टाकून झालं की पेज बदलून मगच बाजूला व्हायचा. सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणाला शिकायला आलायस की पगार घ्यायला. त्या माणसांचा मला आजही राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही, कारण नुसतं बटण दाबून दाबून चांगल्या पोराला पण वाटायला लागतं की आपल्याला हे जमणारच नाही. माझ्याबरोबरची दोन-तीन पोरं तशीच कंटाळून सोडून गेली, हातात ट्रेडचं सर्टिफिकेट असून आज डिलिव्हरीच्या गाड्या चालवतायत, आणि ती माझ्यापेक्षा हुशार होती हे मी शपथेवर सांगतो.

आणि तुमच्याकडं पहिल्याच दिवशी काय झालं, तुम्ही टूल वेअरचं, म्हणजे टूल झिजेल तसा ऑफसेट टाकायचं, पेज उघडलंत, खांद्याला धरून मला स्क्रीनसमोर उभं केलंत आणि म्हणालात, "काय दिसतंय ते मोठ्यानं वाच." मी वाचलं. "आता हा आकडा कुठनं आला ते सांगतो."

तुमचं शिकवणं सगळं असंच, आधी बघायला लावायचं आणि मग सांगायचं. इनपुट आणि प्लस इनपुट या दोन बटणांतला फरक तुम्ही जॉब कार्डच्या पाठीमागं लिहून दाखवला होतात. वेअरमध्ये आधीच मायनस ०.१० आहे, व्यास अजून ०.०२ कमी करायचाय, तर मायनस ०.०२ टाकून नुसतं इनपुट दाबलं की आधीचा आकडाच पुसला जातो आणि पुढचा जॉब ऐंशी मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग) मोठा निघतो, प्लस इनपुट दाबलं तर मायनस ०.१२ होतं. एवढीशी गोष्ट, सांगायला दोन मिनिटं लागतात, पण ती न सांगता माणसं वर्षानुवर्षं दुसऱ्याला खाली ठेवतात. लेथला एक्स, म्हणजे टूल जॉबकडं सरकायची दिशा, व्यासात चालतो म्हणून वीस मायक्रॉन मोठा आला तर वीसच टाकायचे, निम्मे करायचे नाहीत, हे पण तुमचंच. आकड्यापुढचं टिंब विसरायचं नाही, कारण सेटिंग तसं असेल तर फॅनक कंट्रोल (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) ५० म्हणजे ५० एमएम न धरता ५० मायक्रॉन धरतो, हे तर तुम्ही माझ्याकडून पाठच करून घेतलं होतंत. पहिला पीस सिंगल ब्लॉकवर, म्हणजे प्रोग्रामची एकेक ओळ चालवत, रॅपिड म्हणजे कापत नसतानाचा वेग एकदम खाली, डोळा डिस्टन्स टू गो वर, म्हणजे टूल अजून किती जायचंय त्या आकड्यावर, आणि अंगठा फीड होल्डवर, म्हणजे टूल थांबवायच्या बटणावर. आजसुद्धा नवीन सेटिंग लावताना तुमचा आवाज कानात असतो, "घाई कुणाला आहे रे, मशीनला तर नाही."

पण मामा, मला खरं लिहायचंय ते त्या शाफ्टच्या दिवसाबद्दल.

बेअरिंग सीटचा, म्हणजे शाफ्टवर बेअरिंग बसतं त्या जागेचा, व्यास होता २५ स्मॉल एच ७, म्हणजे २५.००० च्या वर जायचं नाही आणि २४.९७९ च्या खाली जायचं नाही, सगळा खेळ एकवीस मायक्रॉनचा. पहिला पीस निघाला, तुम्ही तो पुसून सरफेस प्लेटवर ठेवलात आणि थांबलात. मी मायक्रोमीटर लावायला पुढं झालो तर हात आडवा केलात, "गार होऊ दे." मग समजावलंत की माप २० डिग्रीचं धरतात, आणि स्टीलचा १०० एमएमचा जॉब दहा डिग्री जास्त गरम असला तर साधारण अकरा-बारा मायक्रॉन मोठा दाखवतो, आज २५ चा आहे म्हणून फरक थोडा पडेल पण सवय मोठ्या जॉबची लाव. तेवढ्या वेळात तुम्ही तुमची ती लाकडी पेटी उघडलीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला तुमचा स्वतःचा मायक्रोमीटर काढलात, जो तुम्ही कुणाला हात लावू द्यायचा नाहीत, खंडेनवमीला मशीनच्या आधी ज्याला हळदकुंकू लावायचात तो, आणि म्हणालात, "घे."

मी झिरो तपासला, रॅचेटनं बंद केला, दोन जागी फिरवून बघितलं. म्हणालो २४.९९. मला वाटलं आता तुम्ही माझ्या हातातनं घेऊन स्वतः बघणार, सगळे तसंच करतात, आधीच्या शॉपमध्ये तर मी व्हर्निअर हातात घेतला तरी ओरडायचे. तुम्ही बघितलंच नाही. खिशातलं पेन काढून फर्स्ट पीस रिपोर्टमध्ये २४.९९ लिहिलंत, आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहून पेन माझ्याकडं दिलंत, सही करायला. मग "क्वालिटीला दाखवून ये" म्हणून तुम्ही चहाला निघून गेलात.

त्याच्या आधी किती दिवस तुम्ही माझं प्रत्येक रीडिंग माझ्या पाठीमागं स्वतः परत घेऊन बघत होता हे मला नंतर क्वालिटीच्या मॅडमनी सांगितलं. म्हणजे तुम्ही डोळे झाकून विश्वास टाकला नव्हता, तुम्ही खात्री करून घेतली होती आणि ती झाल्यावर मला कळायच्या आत मला माणसात घेतलं होतं. मामा, घरात मी पहिला कारखान्यात लागलेला, वडील दुसऱ्याच्या शेतावर, आजपर्यंत कुठल्याच कागदावर "याने तपासलं, बरोबर आहे" असं माझं नाव आलं नव्हतं. त्या रात्री मी घरी फोन करून आईला सांगितलं, तिला मायक्रॉन कळत नाही पण मी खूश आहे एवढं कळलं आणि ती रडायला लागली.

आमच्या लाइनमध्ये विद्या लपवायची फार जुनी खोड आहे, आणि त्याच्या मागं भीती आहे हे मी समजू शकतो, पोरगं शिकलं की कमी पगारात त्यालाच माझ्या जागी बसवतील ही भीती खोटी पण नाही, कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला ती रोजच असते. पण तुम्हाला पण तीच भीती असणार ना, तुमच्या पण मुलीचं शिक्षण चालू होतं, तरी तुम्ही शिकवलंत. मी एकदा विचारलं होतं तर म्हणालात की मला पण एका म्हाताऱ्या फोरमननं शिकवलं, पैसे घेतले नाहीत. बस्स, एवढंच. अशी माणसं प्रत्येक शॉपमध्ये एखाददुसरी असतात आणि शॉप त्यांच्यावरच चालतं, त्यांचा फोटो कधी नोटीस बोर्डावर लागत नाही. मोठमोठ्या हुद्द्याची माणसं मी बघितली पण दुसऱ्याचं चांगलं व्हावं असं मनापासून वाटणारा माणूस दिसला की मला अजून भरून येतं.

नवीन पोरांनो, तुम्हाला माझं सांगणं असं की पहिली नोकरी बघताना पाचशे रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण जिथं स्क्रीन झाकून उभे राहतात तिथं जास्त दिवस काढू नका. विचारत राहा, वही ठेवा, ड्रॉइंग वाचायला शिका, नुसता प्रोग्राम येऊन उपयोग नाही. फिरत्या चकजवळ हातमोजे घालू नका, चिप हातानं ओढू नका हूक घ्या, फिरत्या जॉबवर हातानं एमरी पेपर धरू नका कुणी कितीही म्हणालं तरी, बोट गेलं की कुठलीच कंपनी ते परत देत नाही. आणि तुमच्या शॉपमध्ये एखादे मामा असतील तर त्यांच्याजवळची जागा सोडू नका, चहा त्यांच्याबरोबर प्या.

मामा, तुमच्या मशीनवर आता दोन नवीन पोरं आलीयत, एक बार्शीकडचा आहे आणि एक नांदेडचा. दोघांना पहिल्या दिवशी स्क्रीनसमोर उभं केलं आणि आकडा मोठ्यानं वाचायला लावला. थ्रेडिंगमध्ये, म्हणजे आटे कापताना, अजून अडखळतायत आणि तुम्ही इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, बघून टूल किती चाललंय ते सांगायचात तसं मला त्यांना नीट समजावता येत नाही. म्हणून रविवारी त्यांना तुमच्या घरी घेऊन येऊ का? वापरलेले इन्सर्ट डबीत भरून आणतो. मामींना सांगा जेवणाचं काही करू नका, आम्ही जेवूनच येऊ.

तुमचा,
तिसऱ्या लाइनवरचा पोरगा